जगण्याचा छंद
(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



आयुष्य भरभरून जगण्याची प्रेरणा माणसाला कोठून मिळते, हा प्रश्न व्याख्यानमालांना नवा नाही. त्याची उत्तरेही बहुधा ठरलेली असतात. कोणी ईश्वरनिष्ठेचे नाव घेतो, कोणी ध्येयवादाचे, कोणी आप्तेष्टांच्या प्रेमाचे. ही उत्तरे खोटी आहेत असे नव्हे; परंतु ती इतकी ऐसपैस आहेत की कोणाचेही आयुष्य त्यांत सहज मावते, आणि मावल्यावर त्या आयुष्याविषयी काहीच कळत नाही. तेव्हा आज या प्रश्नाचा विचार एका माणसाच्या आधाराने करणे अधिक बरे. तो माणूस म्हणजे आचार्य धर्मानंद दामोदर कोसंबी. त्यांची निवड करण्याला आणखीही एक कारण आहे. त्यांच्या आयुष्याला वळण लागले ते एका मराठी नियतकालिकाच्या जुन्या अंकामुळे. आणि वाचनालयाच्या शताब्दीत ज्याची आठवण व्हावी असे याहून योग्य उदाहरण शोधून सापडणार नाही.

कोसंबींचा जन्म 9 ऑक्टोबर 1876 रोजी गोव्यातील सांखवाळ या गावी झाला. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता. गावात थोडेफार मराठी शिक्षण झाले, तेवढेच. त्यापुढे शाळा नाही, परीक्षा नाही, पदवी तर नाहीच. घरची नारळाची बागाईत होती, तिची देखभाल मुलाने करावी, रीतीप्रमाणे लग्न करावे, संसार थाटावा, असे त्या काळच्या कोणत्याही खेड्यातील मुलाच्या पुढे जे आखलेले असे तेच त्यांच्याही पुढे आखलेले होते. त्याप्रमाणे लग्न झाले. बागाईतही सांभाळली. आणि मन मात्र कशातच रमले नाही. 1898 मध्ये वडील वारले. 'निवेदन' हे त्यांचे आत्मचरित्र 1924 मध्ये प्रसिद्ध झाले. ते वाचताना सर्वांत अधिक जाणवते ती या काळातील उदासीनता. आत्मचरित्र लिहिणारी माणसे आपल्या बालपणी भावी थोरवीची चिन्हे हौसेने शोधतात. कोसंबी तसे करीत नाहीत. आपण दुबळे होतो, चंचल होतो, घर सोडून जाण्याचे बेत करीत होतो आणि ते बेत फसत होते, हे ते सरळ सांगून टाकतात.

याच काळात, 1897 च्या सुमारास, 'बालबोध' मासिकाचा एक जुना अंक त्यांच्या हाती पडला. विनायक कोंडदेव ओक यांनी 1881 मध्ये मुलांसाठी सुरू केलेले हे मासिक. थोर पुरुषांची छोटी चरित्रे, सोपी माहिती, सुबोध भाषा, असा त्याचा थाट. त्या अंकात गौतम बुद्धाचे संक्षिप्त चरित्र होते. ते वाचणारा वाचक लहान मूल नव्हता. वीस-एकवीस वर्षांचा, विवाहित, प्रपंचाला कंटाळलेला तरुण होता. मासिक ज्याच्यासाठी काढले त्याच्या हाती ते पडलेच असे नाही, आणि ज्याच्या हाती पडले त्याच्यासाठी ते काढलेले नव्हते. ग्रंथपालांना हा अनुभव नवा नसावा. कोणते पान कोणाच्या आयुष्यात काय करील याचा हिशेब देवघेवीच्या वहीत मांडता येत नाही.

त्या चार पानांत असे काय होते? विद्वत्तेच्या दृष्टीने पाहिले तर फारसे काही नसणार. मुलांना समजेल इतकीच कथा: राजपुत्र, म्हातारा, रोगी, प्रेत, गृहत्याग, बोधिवृक्ष. परंतु सांखवाळच्या तरुणाला तेवढ्यात दोन गोष्टी एकदम कळल्या. आपल्याला जी अस्वस्थता छळते ती केवळ आपला दुबळेपणा नव्हे; अडीच हजार वर्षांपूर्वी एका अत्यंत समर्थ माणसालाही ती छळत होती. आणि दुसरी गोष्ट अशी की त्या अस्वस्थतेला पलीकडला काठ आहे. तो माणूस तेथे पोहोचला होता.

येथे थोडे थांबून एका शब्दाचा विचार करावा लागेल. बौद्ध वाङ्मयात 'संवेग' असा एक शब्द आहे. अश्वघोषाच्या 'बुद्धचरित' काव्यातील ज्या सर्गात राजपुत्राला वृद्ध, रोगी आणि मृत दिसतात त्या तिसऱ्या सर्गाचे नावच 'संवेगोत्पत्ति' असे आहे. पातंजल योगसूत्रांतही हा शब्द येतो. मराठीत 'आवेग' आणि 'उद्वेग' हे त्याचे सख्खे भाऊ नांदतात. 'संवेग' मात्र बोलण्यातून गेला, आणि भाषेचे त्यात नुकसानच झाले. उद्वेगात माणूस खचतो. आवेगात तो भान विसरतो. संवेगात तो हादरतो आणि त्या हादऱ्यानेच जागा होतो. जन्म, जरा, व्याधी, मरण यांचे चिंतन बौद्ध आचार्यांनी सांगितले ते आयुष्याचा वीट यावा म्हणून नव्हे, तर दिवस मोजके आहेत ही जाणीव हातापायांत उतरावी म्हणून.

परंतु त्याच परंपरेत संवेगाच्या जोडीला आणखी एक शब्द येतो, तो म्हणजे 'प्रसाद', पालीत 'पसाद'. देवळात मिळतो तो प्रसाद येथे अभिप्रेत नाही. पाणी निवळावे तसे मन निवळणे, एखाद्या मार्गाविषयी स्वच्छ विश्वास वाटणे, हा त्याचा अर्थ. केवळ संवेग झाला आणि प्रसाद झाला नाही तर माणूस निराश होतो. केवळ प्रसाद असला आणि संवेग नसला तर तो समाधानाने आरामखुर्चीत बसतो. आयुष्य ओढून पुढे नेण्यास दोन्ही बैल लागतात. कोसंबींच्या बाबतीत पहिला बैल सांखवाळच्या बागाईतीत आधीपासून बांधलेला होता. दुसरा 'बालबोध'च्या अंकातून आला.

1899 च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. बुद्धाचा धर्म मुळातून जाणून घ्यावयाचा, एवढाच संकल्प. तो धर्म कोठे शिकवतात, कोणत्या भाषेत शिकवतात, याचाही नीट पत्ता नव्हता. संस्कृत यावयास हवे एवढे कळत होते, म्हणून ते प्रथम पुण्यास गेले. तेथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची भेट झाली. पुण्याहून इंदूर, उज्जैन, ग्वाल्हेर अशा, मराठी माणसाच्या पूर्वापार ओळखीच्या मुक्कामांवरून ते काशीला पोहोचले. काशीत शास्त्र्यांच्या पायाशी बसून संस्कृतचे अध्ययन आणि अन्नछत्रात जेवण. छत्रातले जेवण ही त्या काळच्या विद्यार्थ्यांची शिष्यवृत्तीच होती. मात्र तिच्यात मानापेक्षा अपमानाचा वाटा अधिक असे. ते दिवस त्यांनी काढले. पुढे 1902 मध्ये ते नेपाळात गेले, बुद्धाचा धर्म तेथे जिवंत असेल या आशेने. जे पाहिले त्याने घोर निराशा झाली. दुसरा एखादा येथून परत फिरला असता, आणि परत फिरला म्हणून त्याला कोणी दोषही दिला नसता.

कोसंबी बुद्धगयेला आले. पाली ग्रंथांचे अध्ययन करावयाचे तर सिंहलद्वीपास जावे लागेल, असे कळले. कलकत्ता, मद्रास असा प्रवास करीत ते कोलंबोला पोहोचले आणि हिक्कडुवे श्री सुमंगल महास्थविर यांच्या विद्योदय विद्यालयात दाखल झाले. तेथे त्यांनी प्रव्रज्या घेतली. सिंहली लिपी शिकले, पाली शिकले. मग ब्रह्मदेश, तेथे ब्रह्मी लिपीतील ग्रंथांशी परिचय आणि ध्यानाचा अभ्यास. या सर्व वाटेवर परक्या भाषा, परके अन्न, आजार आणि खिशात काही नसणे ही नित्याची होती. सुमारे सात वर्षे अशी गेली. 1906 मध्ये ते कलकत्त्यात स्थिर झाले, तेव्हा शाळेचा दाखला नसलेला हा माणूस राष्ट्रीय महाविद्यालयात आणि नंतर कलकत्ता विद्यापीठात पाली शिकवू लागला होता.

ही हकीकत ऐकताना 'केवढी जिद्द' असे उद्गार निघतात. परंतु जिद्द हा शब्द येथे पुरेसा नाही, किंबहुना थोडा दिशाभूल करणारा आहे. जिद्दीला प्रतिस्पर्धी लागतो. कोणाला तरी काहीतरी दाखवून द्यावयाचे असते. कोसंबींना कोणाला काही दाखवून द्यावयाचे नव्हते. त्यांना एक गोष्ट करावयाची होती. बुद्धघोषाचार्यांच्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथावर त्यांनी पुढे अर्धे आयुष्य खर्ची घातले. त्या ग्रंथात या करण्याच्या इच्छेला नेमके नाव दिलेले आहे. ते नाव 'छंद'. पाचव्या शतकात सिंहलद्वीपात रचलेल्या त्या ग्रंथात छंद म्हणजे 'कत्तुकामता', कर्तुकामता, काही करावे ही इच्छा, अशी व्याख्या केली आहे. आणि मनाने विषयाकडे पुढे केलेल्या हाताची उपमा त्याला दिली आहे. तृष्णा आणि छंद यांतला भेद येथेच आहे. तृष्णेला काहीतरी मिळवावयाचे असते, आणि मिळाल्यावर ती दुसऱ्या गोष्टीकडे वळते. छंदाला काहीतरी करावयाचे असते, आणि करता करता तो वाढतो. सिद्धीकडे नेणारी जी चार पावले बौद्ध आचार्यांनी सांगितली, त्यांत वीर्य, चित्त आणि मीमांसा यांच्याही आधी छंदाचे नाव येते. परिश्रम नंतरचे. आधी हात पुढे व्हावा लागतो.

मराठीत छंदाची गंमत अशी की आपण तो शब्द पोस्टाची तिकिटे जमविण्यापर्यंत खाली आणला. 'त्याला वाचनाचा छंद आहे' असे म्हणताना त्यात थोडे कौतुक असते आणि थोडी तक्रारही: घरचे काम सोडून हा वाचत बसतो. बुद्धघोषाचार्यांना विचारले असते तर त्यांनी या वाक्यातील तक्रार वगळली असती.

प्रेरणेविषयी बोलताना एक बाजू हटकून सुटते. ती म्हणजे पैशाची आणि आश्रयाची. मनात कितीही छंद असला तरी महिन्याचा शिधा कोठून येणार? कलकत्त्यात कोसंबींचे बरे चालले होते आणि विद्यापीठात त्यांना मागणी होती. परंतु त्यांच्या मनात वेगळेच होते. जे ज्ञान आपण एवढे भटकून मिळविले ते आपल्या माणसांना, मराठीत, मिळावे. बंगाल्यात राहून ते कसे व्हावयाचे? नेमक्या या वेळी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडून एक प्रस्ताव आला. महाराष्ट्रात कोठेही राहावे, वर्षाला एक पुस्तक बडोदे सरकारसाठी लिहून द्यावे. त्याबद्दल तीन वर्षे दरमहा 50 रुपये मिळतील. कलकत्त्यात त्यांना याहून कितीतरी अधिक मिळू शकत होते. कोसंबींनी 50 रुपये पत्करले. बडोद्यात त्यांनी दिलेली व्याख्याने 1910 मध्ये 'बुद्ध, धर्म आणि संघ' या नावाने पुस्तकरूपाने आली. ज्या मराठी भाषेने एका जुन्या अंकातून त्यांना चार पाने दिली होती, तिच्या ऋणाचा हा पहिला हप्ता. पुढचे हप्ते मोठे होते: 'बुद्धलीलासारसंग्रह', 'समाधिमार्ग', 'बौद्धसंघाचा परिचय', 'हिंदी संस्कृति आणि अहिंसा', आणि 1940-41 मध्ये दोन भागांत निघालेले 'भगवान बुद्ध'.

सयाजीरावांविषयी येथे आणखी दोन वाक्ये बोलल्यावाचून राहवत नाही. ज्या काळी ते कोसंबींना पुस्तके लिहिण्यास सांगत होते, त्याच काळी ती पुस्तके वाचणारी माणसे तयार करण्याची व्यवस्थाही त्यांनी चालविली होती. 1906 मध्ये त्यांनी संस्थानभर सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण लागू केले. 1910 मध्ये अमेरिकेहून विल्यम अॅलन्सन बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची वाचनालये आणि पेट्यांतून फिरणारी वाचनालये उभी केली. आणि कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी लिहिलेले गौतम बुद्धाचे मराठी चरित्रही बडोद्याच्याच ग्रंथमालेसाठी सिद्ध झाले होते. 1907 मध्ये मॅट्रिक झालेल्या भीमराव आंबेडकरांना केळुसकरांनी आपले हेच पुस्तक भेट दिले. पुढे भीमरावांच्या महाविद्यालयीन शिक्षणासाठी सयाजीरावांचे साहाय्य मिळवून देण्यातही केळुसकर होते. पुस्तक देणारा एक हात आणि शिष्यवृत्ती देणारा दुसरा, असे दोन हात एकाच विद्यार्थ्याच्या पाठीवर पडल्यावर 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात काय घडले हे सर्वांना ठाऊक आहे. सांखवाळचा तरुण आणि मुंबईचा विद्यार्थी यांना बुद्ध प्रथम भेटला तो पाली ग्रंथांत नव्हे. एकाला मुलांच्या मासिकात, दुसऱ्याला बक्षीस मिळालेल्या मराठी पुस्तकात.

कोसंबींच्या कथेत येथवर सर्व कसे उजळ दिसते. परंतु तेवढेच सांगून थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. 1899 मध्ये त्यांनी घर सोडले तेव्हा घरी पत्नी बाळाबाई होत्या आणि त्याच वर्षी जन्मलेली मुलगी माणिक होती. सात वर्षे! त्या सात वर्षांत सांखवाळच्या किंवा माहेरच्या घरात त्या तरुण स्त्रीने दिवस कसे काढले असतील याची कल्पना करावयास फार मोठी प्रतिभा लागत नाही. नवरा मेला नाही, संन्यासी झाला. म्हणजे सौभाग्य शाबूत आणि संसार नाही. 'निवेदना'त कोसंबींनी ही गोष्ट लपविलेली नाही. परंतु त्या पुस्तकात वाट आहे ती जाणाऱ्याची. मागे राहिलेलीचे 'निवेदन' कोणी लिहिले नाही. आपल्याकडे गृहत्यागाची परंपरा जुनी आहे, आणि यशोधरेविषयी कवींनी हळहळ व्यक्त करण्याची परंपराही जुनीच आहे. त्या हळहळीने यशोधरेच्या घरात दिवा लागत नाही.

म्हणून प्रश्न असा विचारावा लागतो: एकाने आयुष्य भरभरून जगावयाचे आणि त्याची किंमत दुसऱ्याने चुकवावयाची, हे न्यायाचे आहे काय? याचे उत्तर 'होय' असे देण्यास जीभ धजावत नाही. कोसंबींनीही ते तसे दिले नाही असे त्यांच्या पुढील वागण्यावरून दिसते. परतल्यानंतर त्यांनी भिक्षूचे चीवर उतरविले आणि पत्नीला व मुलीला कलकत्त्यास आणले. भिक्षू म्हणून त्यांना मान होता, आणि चीवर उतरविणाऱ्याला लोक काय म्हणतात हे त्यांना ठाऊक नसेल असे नाही. 31 जुलै 1907 रोजी मुलगा झाला, त्याला आजोबांचे नाव ठेवले. हाच पुढे गणितज्ञ आणि इतिहासकार म्हणून जगाला माहीत झालेला दामोदर धर्मानंद कोसंबी. 1918 मध्ये अमेरिकेला जाताना धर्मानंदांनी माणिक आणि दामोदर या दोघांनाही बरोबर नेले. मुलाबरोबर मुलीलाही समुद्रापलीकडे शिकावयास नेणारा बाप 1918 मध्ये सर्वत्र सापडत नव्हता. याने सात वर्षांचा हिशेब फिटतो काय? बाळाबाई तेव्हाही मागेच राहिल्या होत्या. काही हिशेब फिटत नाहीत. ते लिहून ठेवावे लागतात एवढेच.

आणि आयुष्य भरून काढावयास घर सोडावेच लागते असेही नाही. बसल्या जागी छंद कसा वाढतो याचे उदाहरण म्हणून महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांच्याकडे पाहावे. मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करणारा हा माणूस 'व्यवहारमयूख' या ग्रंथाची आवृत्ती सिद्ध करीत होता. तिच्या प्रस्तावनेत धर्मशास्त्राच्या वाङ्मयाचा थोडा इतिहास द्यावा, एवढाच बेत होता. माहिती जमवू लागल्यावर कळले की हे प्रकरण प्रस्तावनेत मावणार नाही. 'व्यवहारमयूख' 1926 मध्ये निघाला. धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड 1930 मध्ये आणि पाचवा 1962 मध्ये. सहा हजारांहून अधिक पृष्ठे. काम संपले तेव्हा काण्यांचे वय 82 होते. दुसऱ्या वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले. यात बोधिवृक्ष नाही, गृहत्याग नाही, साक्षात्काराचा क्षण नाही. प्रस्तावनेतील एका प्रकरणाने माणसाला बत्तीस-पस्तीस वर्षे सोडले नाही, एवढेच. प्रेरणा आधी यावी आणि मग काम सुरू करावे अशी वाट पाहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की येथे काम आधी आले आणि प्रेरणा त्यातून निपजली. आपल्यापैकी बहुतेकांना बोधिवृक्षापेक्षा प्रस्तावनाच भेटण्याचा संभव अधिक.

कोसंबींकडे परत येऊ. हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स वुड्स यांच्या आमंत्रणावरून 1910 मध्ये ते प्रथम अमेरिकेस गेले. हेन्री क्लार्क वॉरन हे तेथील विद्वान 'विसुद्धिमग्गा'चे संपादन अपुरे टाकून निवर्तले होते. ते पूर्ण करण्याचे काम कोसंबींकडे आले. प्राध्यापक लॅनमन यांच्याशी श्रेयाविषयी मतभेद झाले, ते परतले, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात 1912 ते 1918 पाली शिकविले. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट, चिं. वि. राजवाडे, ना. के. भागवत हे महाराष्ट्रातील पालीचे पुढचे अध्यापक त्यांच्याच हाताखाली तयार झाले. मग पुन्हा हार्वर्ड. मग महात्मा गांधींच्या गुजरात विद्यापीठात अध्यापन. 1929 मध्ये रशियातील लेनिनग्राड येथे अध्यापन, आणि दुसऱ्याच वर्षी मिठाच्या सत्याग्रहात स्वयंसेवक भरती करण्याचे काम व तुरुंगवास. 1937 मध्ये परळच्या कामगारवस्तीत 'बहुजन विहार'. ही यादी वाचताना धाप लागते. पाली विद्वानाने समाजवादाचा अभ्यास का करावा आणि मिठागराकडे का जावे, असे पुष्कळांना वाटले असेल. परंतु बुद्धाचा धर्म जर दुःखनिवारणाचा असेल तर गिरणीकामगाराचे दुःख त्यातून कसे वगळावे, असा त्यांचा साधा हिशेब होता. छंद एकदा खरा झाला की तो आपली कुंपणे ओलांडतो.

ज्याने आयुष्य एवढे भरून घेतले त्याचा शेवट कसा झाला, हे सांगणे अवघड आहे. पण टाळणे योग्य नव्हे. म्हातारपण आणि व्याधी यांनी शरीर जर्जर झाल्यावर, आता आपल्या हातून कोणाची सेवा होणार नाही, इतरांवर भार मात्र होईल, या विचाराने त्यांनी 1946 मध्ये प्रायोपवेशन आरंभिले. गांधीजींनी ते सोडावयास लावले. पुढील वर्षी सेवाग्राम आश्रमात त्यांनी पुन्हा अन्नत्याग केला आणि 4 जून 1947 रोजी ते निवर्तले. पार्श्वनाथाच्या चातुर्याम धर्मावर त्यांनी याच सुमारास लिहिले होते आणि जैन परंपरेतील सल्लेखनेविषयी त्यांना आदर होता, हे खरे. तरीही या निर्णयाभोवती आदराची आरास करू नये. म्हाताऱ्या, आजारी माणसाने आपला भार मोजू लागणे ही आनंदाची गोष्ट नव्हे. ज्याला चाळीस वर्षे शिकविण्यासारखे काही ना काही होते, तो अंथरुणावर पडूनही कोणाचा भार कसा झाला असता? गांधीजींनी त्यांना एकदा अडविले यातच या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. घरात वृद्ध माणसे असलेल्या प्रत्येकाने उरलेले अर्धे आपल्या वागण्यातून द्यावयाचे असते: त्यांना रोज काहीतरी विचारून, त्यांच्याकडून काहीतरी शिकून, वर्तमानपत्र वाचून दाखवून आणि त्यावर त्यांचे मत ऐकून घेऊन. दुपारच्या वेळी वाचनालयाच्या बाकावर येऊन बसणारे वृद्ध सभासद केवळ वर्तमानपत्रासाठी येत नाहीत, हे ग्रंथपालाला बरोबर ठाऊक असते.

उरली ती 'विसुद्धिमग्गा'ची हकीकत. हार्वर्डमध्ये 1910 मध्ये हाती घेतलेले ते काम कोसंबींनी चार वेळा अमेरिकेस जाऊन पुरे केले. शेवटची खेप 1931-32 ची. परंतु छापून होण्याची चिन्हे दिसेनात. तेव्हा त्यांनी स्वतःची निराळी, देवनागरी लिपीतील आवृत्ती सिद्ध केली. ती मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने 1940 मध्ये प्रसिद्ध केली. ज्यांना सिंहली, ब्रह्मी किंवा रोमन लिपी येत नाही त्यांनाही आता हा ग्रंथ वाचता येणार होता. सांखवाळच्या शाळेत जेवढी अक्षरे शिकवीत तेवढी पुरेशी होती. हार्वर्डची आवृत्ती तेथील प्राच्य ग्रंथमालेत 1950 मध्ये निघाली. आरंभ करणारे वॉरन जाऊन तेव्हा अर्धशतक लोटले होते, लॅनमनही हयात नव्हते, आणि कोसंबींच्या मृत्यूला तीन वर्षे झाली होती. मुखपृष्ठावर वॉरन यांच्या नावाखाली धर्मानंद कोसंबी हे नाव आहे.